शिल्लक वेगाची गोष्ट

गेल्या मे महिन्यात भाच्याबरोबर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जाणं झालं. त्याला संगणकात बसवायला ग्राफिक्स कार्ड घ्यायचं होतं. पैसे त्याच्या पहिल्या दोन पगारांतून साठवलेले, मी नुसता सोबतीला. दुकानदारानं काउंटरवर तीन खोकी मांडली. तिन्हींवर चिपचं नाव एकच, नंबरही एकच. कंपन्या मात्र तीन आणि किमतीही तीन. सगळ्यात महागड्या खोक्यावर ठळक अक्षरांत 'ओसी' असं छापलेलं. ओसी म्हणजे ओव्हरक्लॉक्ड, ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगानं चालणारं. भाच्यानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मामू, आतली चिप तर तीच आहे. मग हे जास्तीचे पैसे कशाचे?"

मला उत्तर देता आलं नाही. त्या दिवशी आम्ही काही न घेताच परतलो. पण प्रश्न डोक्यातून जाईना. मी काही तंत्रज्ञ नव्हे, शब्दांत रमणारा माणूस. तरीही जुनी परीक्षणं, जुन्या बातम्या वाचत गेलो, तेव्हा लक्षात आलं की भाच्याच्या प्रश्नाला चाळीस वर्षांचा इतिहास आहे. त्यात हौस आहे, दिवाळखोऱ्या आहेत, भांडणं आहेत आणि थोडी चलाखीही आहे.

आधी मूळ गोष्ट समजून घेऊ. संगणकातली चिप ठोक्यावर चालते. तबलजीनं ठेका धरावा आणि बाकीच्यांनी त्यावर चालावं, तसं. सेकंदाला दहा लाख ठोके म्हणजे एक मेगाहर्ट्झ. ठोका जलद केला की काम जलद होतं. पण चिप तापते, वीज जास्त खाते आणि एका मर्यादेपलीकडे चुकायला लागते. आता ही मर्यादा प्रत्येक चिपची वेगळी असते. सिलिकॉनच्या एकाच तबकडीवर अनेक चिपा एकदम तयार होतात. पण एकाच भट्टीतल्या विटा जशा सगळ्या सारख्या भाजत नाहीत, तशा या चिपाही सारख्या निपजत नाहीत. म्हणून कारखानदार असा एक वेग ठरवतो, जो त्या नावानं विकली जाणारी प्रत्येक चिप निभावून नेईल. कमकुवत चिप तिथपर्यंत जेमतेम पोचते. चांगल्या चिपमध्ये मात्र बरंच काही शिल्लक राहतं.

ओव्हरक्लॉकिंगचा इतिहास हा या शिलकीचा इतिहास आहे. ती शिल्लक कोणाची? चिप बनवणाऱ्याची, कार्ड बनवणाऱ्याची, की पैसे मोजून ते घरी नेणाऱ्याची?

सुरुवातीला ती घरी नेणाऱ्याची होती. आयबीएमचा पीसी एटी हा संगणक १९८४ मध्ये आला, तो ६ मेगाहर्ट्झ वेगाचा. त्याचा ठोका ठरवणारा एक छोटा क्वार्ट्झचा स्फटिक मदरबोर्डवर बसवलेला असे. हौशी लोकांनी तो काढून जास्त वेगाचा स्फटिक बसवला आणि तोच संगणक ८ मेगाहर्ट्झवर पळवला. खर्च किरकोळ, फायदा एकतृतीयांश. आयबीएमला हे रुचलं नाही. पुढच्या आवृत्तीत कंपनीनं वेग तपासणारी आज्ञावलीच आत घातली. शिलकीवरून झालेलं हे बहुधा पहिलं भांडण.

ग्राफिक्स कार्डाची गोष्ट त्याच सुमारास, पण वेगळ्या गरजेतून सुरू होते आणि मला ती फार जवळची वाटते. आयबीएमच्या पहिल्या पीसीबरोबर येणारं एक कार्ड फक्त ठरावीक अक्षरं दाखवी; दुसरं चित्रं दाखवी, पण इतकी ढोबळ की बारीक वळणांची लिपी त्यावर वाचता येऊ नये. व्हॅन सुवन्नुकुल यांना आपला डॉक्टरेटचा प्रबंध थाई लिपीत लिहायचा होता. या दोन्ही कार्डांवर ते जमेना. म्हणून त्यांनी १९८२ मध्ये स्वतःचं कार्ड तयार केलं, ७२० बाय ३४८ ठिपक्यांचं. त्यातून हर्क्युलिस नावाची कंपनी उभी राहिली आणि ते कार्ड जगभर गेलं. आपल्याकडेही आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं जिस्ट तंत्रज्ञान पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं, आणि त्याचं कार्ड पीसीत बसवून पडद्यावर देवनागरी आणता येऊ लागली. आज पोरं ज्या वस्तूला खेळाचं साधन समजतात, तिच्या वंशात असा एक पूर्वज आहे, ज्याला आपल्या लिपीत लिहायचं होतं.

खेळांचा जमाना आला तो १९९६ मध्ये, थ्रीडीएफएक्स या अमेरिकी कंपनीच्या 'व्हूडू' चिपबरोबर. वेग ५० मेगाहर्ट्झ, स्मृती ४ मेगाबाइट. या कंपनीनं जी पद्धत वापरली, ती आजही टिकून आहे. चिप तिनं द्यायची आणि कार्ड दुसऱ्यांनी बनवायचं. डायमंडचं 'मॉन्स्टर' आणि ऑर्किडचं 'रायटियस' ही वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डं, पण आत्मा एकच.

मला यात तरही मुशायरा दिसतो. तरही मुशायऱ्यात सगळ्या शायरांना एकच ओळ दिली जाते. वृत्त तेच, यमक तेच, अन्त्ययमकही तेच. तरी एकाचा शेर लक्षात राहतो, दुसऱ्याचा विरून जातो. कार्ड बनवणाऱ्यांचंही तसंच. चिप दिलेली, तिला हात लावायचा नाही. आपलं काय ते तिच्याभोवती करून दाखवायचं. वीजपुरवठ्याचे भाग चांगले घालायचे, हीटसिंक मोठी, पंखे शांत, स्मृतीच्या चिपा निवडक. आणि सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे ठोका थोडा वाढवून खोक्यावर मोठ्या आकड्यात छापायचा.

दरम्यान घरगुती हौसेनं कळस गाठला होता. १९९८ च्या ऑगस्टमध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा स्वस्तातला प्रोसेसर आला. मदरबोर्डवर ६६ ऐवजी १०० मेगाहर्ट्झ ठेवलं की तो ३०० चा थेट ४५० वर जाई. पन्नास टक्के वेग फुकट! हे पाहून कार्डवाल्यांच्या तोंडाला पाणी सुटलं नसतं तरच नवल. गिऱ्हाइक जे फुकट घेतं, ते आपण विकू शकतो, हे त्यांच्या ध्यानात आलं.

१९९९ हे वर्ष या दृष्टीनं महत्त्वाचं. एनव्हिडियाच्या टीएनटी-२ अल्ट्रा चिपचा ठरलेला वेग होता १५० मेगाहर्ट्झ. हर्क्युलिसनं, होय, त्याच थाई लिपीवाल्या हर्क्युलिसनं, तिचं 'डायनामाइट' कार्ड १७५ वर चालवून बाजारात आणलं. म्हणजे जवळपास सतरा टक्के जास्त, आणि कंपनीच्या जबाबदारीवर. परीक्षकांनी कौतुक केलं. पण कौतुकावर कंपनी चालत नाही. त्याच वर्षी हर्क्युलिसचं दिवाळं निघालं आणि फ्रान्सच्या गियमो कंपनीनं ती विकत घेतली.

थ्रीडीएफएक्सनं त्याच वर्षी वेगळी चाल खेळली. डिसेंबर १९९८ मध्ये तिनं एसटीबी ही कार्ड बनवणारी कंपनी विकत घेत असल्याचं जाहीर केलं होतं. आता चिपही आपली, कार्डही आपलं. 'व्हूडू-३' तीन नमुन्यांत आलं. वेग १४३, १६६ आणि १८३ मेगाहर्ट्झ. मूळ चिप एकच. शिलकीनुसार तिच्या तीन किमती. हिशोब चोख दिसत होता. पण मुशायरा बंद करून सगळे शेर आपणच म्हणायचे ठरवले, की बाकीचे शायर दुसऱ्या मैफिलीत जातात. डायमंड, क्रिएटिव्ह यांसारखे कालचे भागीदार एनव्हिडियाच्या चिपांकडे वळले. डिसेंबर २००० मध्ये थ्रीडीएफएक्सनं आपली मालमत्ता एनव्हिडियालाच विकायचं ठरवलं आणि ऑक्टोबर २००२ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली.

त्यानंतरचं दशक कारखान्यातच वेग वाढवून विकलेल्या कार्डांचं. अमेरिकेत २००२ मध्ये सुरू झालेली बीएफजी ही कंपनी याच मालासाठी ओळखली जाई. २००४ मधलं तिचं जीफोर्स ६८०० जीटी ओसी घ्या. ठरलेला वेग ३५०, बीएफजीचा ३७०. जेमतेम सहा टक्के. मग लोक ते का घेत? कारण घरी कुणी वेग वाढवला आणि कार्ड जळलं तर नुकसान त्याचं. इथे वाढीव वेगाला कंपनीची हमी होती. गिऱ्हाइक वेगाइतकेच निश्चिंतीचे पैसे मोजत होतं. तुलना करताना ही गोष्ट नेहमी नजरेआड होते. वीस मेगाहर्ट्झ डोळ्यांना दिसतात, हमीपत्र खोक्याच्या तळाशी असतं.

वेगवेगळ्या कंपन्यांच्या ओसी कार्डांची तुलना खऱ्या अर्थानं रंगली ती २०१० मध्ये. १२ जुलैला एनव्हिडियाची जीटीएक्स ४६० आली. ठरलेला वेग ६७५. पण चिपमध्ये शिल्लक भरपूर होती. लगेच शर्यत लागली. एक गिगाबाइट स्मृतीच्या कार्डांमध्ये गिगाबाइट कंपनीचं ७१५, एमएसआयचं सायक्लोन ७२५, पॅलिटचं सोनिक प्लॅटिनम ८००, झोटॅकचं अँप ८१० आणि ईव्हीजीएचं एफटीडब्ल्यू तब्बल ८५० वर. सहा टक्क्यांपासून सव्वीस टक्क्यांपर्यंत! एकाच नावाच्या चिपमध्ये एवढा फरक. खोक्यावरचं 'जीटीएक्स ४६०' हे नाव वाचून आत काय आहे ते कळेना, अशी स्थिती झाली.

आणि मग वाद झाला. त्याच वर्षी २२ ऑक्टोबरला एएमडीची रेडिऑन एचडी ६८५० आणि ६८७० ही कार्डं बाजारात आली. त्यांच्या परीक्षणाच्या वेळी तुलनेसाठी एनव्हिडियानं परीक्षकांना ईव्हीजीएचं ते ८५० चं कार्ड पाठवलं. एएमडीचं म्हणणं, आमचं साधं कार्ड आणि त्यांचं निवडक, वेग वाढवलेलं, ही तुलना न्याय्य नाही. एनव्हिडियाची बाजू अशी, की ते कार्ड दुकानात मिळतं, त्याला हमी आहे, मग ते का धरू नये? आनंदटेक या नामांकित परीक्षण-प्रकाशनानं ते कार्ड तुलनेत घेतलं. वाचकांनी आक्षेप घेतले आणि संपादकांना त्याबद्दल वेगळं जाहीर निवेदन लिहावं लागलं.

मला दोन्ही बाजूंत तथ्य वाटतं. दुकानात जे मिळतं त्याची तुलना व्हायलाच हवी. पण एका कंपनीच्या सगळ्यात तेज कार्डाला चिपचं सर्वसाधारण नाव देऊन उभं केलं, तर त्याच नावाचं साधं कार्ड घेणारा माणूस फसतो. त्यानं वाचलेलं असतं सव्वीस टक्क्यांचं, आणि घरी येतं ते मूळ वेगाचं.

आता असं वाटेल, की वेग वाढतोच आहे तर वाढवत का नाही नेत? इथे निसर्ग आडवा येतो. चिपला लागणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. जास्त वेगासाठी व्होल्टेज वाढवावं लागतं. दोन्ही दहा-दहा टक्क्यांनी वाढवलं, तर १.१ चा घन, म्हणजे वीज आणि उष्णता साधारण तेहतीस टक्क्यांनी वाढते. दहा टक्के कमाईला तेहतीस टक्के खर्च. शिवाय खेळातली चित्रं काही पूर्ण दहा टक्क्यांनी जलद होत नाहीत, कारण स्मृती आणि प्रोसेसर आपापल्या वेगानंच चालत असतात.

पुढचं वळण आलं मार्च २०१२ मध्ये. जीटीएक्स ६८० बरोबर एनव्हिडियानं 'जीपीयू बूस्ट' आणलं. चिप आता स्वतःचं तापमान आणि वीज बघून स्वतःच वेग वाढवू लागली. मूळ वेग १००६, बूस्ट १०५८, आणि परिस्थिती अनुकूल असली की त्याहून वर. म्हणजे शिल्लक चिप बनवणाऱ्यानंच वापरायला घेतली. पूर्वी कार्डवाला किंवा हौशी माणूस जी कमाई करी, तिचा मोठा भाग कारखान्यातूनच खर्ची पडून येऊ लागला. त्याच वर्षी व्होल्टेजच्या बाबतीतही बंधनं कडक झाली. ईव्हीजीएला आपल्या ६८० क्लासिफाइड कार्डावरची व्होल्टेज वाढवण्याची खास सोय काढून टाकावी लागली.

हातात राहिलेली शिल्लक जशी आटत गेली, तशी टक्क्याटक्क्यासाठी ओढाताण वाढली. जून २०१६ मध्ये टेकपॉवरअपनं उघडकीला आणलं, की एमएसआय आणि आसुस या कंपन्यांनी परीक्षकांना पाठवलेली कार्डं दुकानातल्या त्याच कार्डांपेक्षा किंचित जास्त वेगानं चालत होती. एमएसआयच्या जीटीएक्स १०८० मध्ये हा फरक सुमारे दीड टक्क्याचा. विकत घेणाऱ्यालाही तो वेग मिळवता येत होता, पण त्यासाठी कंपनीची आज्ञावली बसवून 'ओसी मोड' निवडावा लागे. दीड टक्का डोळ्यांना जाणवत नाही. पण परीक्षणातल्या तक्त्यात अगदी जवळजवळची नावं असतात. तिथे दीड टक्क्यानं एक पायरी वर चढता येतं. एवढ्याशा पायरीसाठी कंपन्यांनी आपली पत पणाला लावावी, याचं मला आश्चर्य वाटलं.

अलीकडची तुलना बघा. ऑक्टोबर २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० आली. तिचा बूस्ट वेग २५२० मेगाहर्ट्झ आणि एनव्हिडियाच्या स्वतःच्या फाउंडर्स एडिशन कार्डाची अमेरिकेतली किंमत १५९९ डॉलर. आसुसच्या आरओजी स्ट्रिक्स ओसी कार्डाचा वेग २६१०, किंमत १९९९ डॉलर. वेग साडेतीन टक्क्यांच्या आसपास जास्त, किंमत पंचवीस टक्के जास्त. स्ट्रिक्समध्ये इतर गोष्टी नक्कीच होत्या: प्रचंड हीटसिंक, भक्कम वीजपुरवठा. त्यांचं मोल ज्याचं त्यानं ठरवावं. पण नुसत्या 'ओसी' या दोन अक्षरांची किंमत २०१० मध्ये काय होती आणि आता काय उरली, ते या आकड्यांतून कळतं.

त्याच्या एक महिना आधी, सप्टेंबर २०२२ मध्ये, आणखी एक बातमी आली होती. २०१० च्या शर्यतीत ८५० वर जाऊन सगळ्यांच्या पुढे राहिलेल्या ईव्हीजीएनं एनव्हिडियाची पुढची कार्डं बनवणार नसल्याचं जाहीर केलं. १९९९ मध्ये सुरू झालेली ही कंपनी. कार्डाची हीटसिंक गिऱ्हाइकानं स्वतः बदलली तरी हमी कायम ठेवणारी म्हणून तिचा लौकिक. कंपनीच्या प्रमुखांची तक्रार अशी, की किमती आणि माहिती आम्हालाही शेवटच्या घटकेपर्यंत कळत नाहीत, आणि चिप देणाराच आपलं कार्ड काढून आमच्याशी स्पर्धा करतो. बीएफजी तर २०१० मध्येच या धंद्यातून बाहेर पडली होती. हर्क्युलिस, एसटीबी, बीएफजी, ईव्हीजीए. शिलकीवर घर चालवणाऱ्यांची ही यादी.

मग भाच्याला काय सांगायचं? मी त्याला एवढंच सांगितलं, की खोक्यावरच्या मेगाहर्ट्झकडे शेवटी बघ. एकाच चिपच्या दोन कार्डांत आज वेगाचा फरक दोन-चार टक्क्यांचा असतो. तीन गोष्टींत मात्र खरा फरक पडतो. पहिली, कार्ड किती तापतं. परीक्षणात तापमान दिलेलं असतं ते थंड खोलीतलं. खोली बावीस अंशांवर असताना कार्ड सत्तरवर जात असेल, तर आपल्याकडे मे महिन्यात चौतीस अंशांच्या खोलीत ते साधारण बारा अंशांनी वर जाऊ पाहील. मग एकतर पंखे ओरडतील, नाहीतर बूस्ट आपोआप वेग कमी करेल. म्हणजे ज्या 'ओसी'साठी पैसे मोजले तो दुपारी गायब. दुसरी गोष्ट पंख्यांचा आवाज. आणि तिसरी, हमी किती वर्षांची आणि ती इथे कोण निभावणार.

पुढच्या रविवारी तो पुन्हा गेला, एकटाच. तिन्ही खोक्यांपैकी मधल्या किमतीचं घेऊन आला. त्यावर 'ओसी' लिहिलेलं नव्हतं; हीटसिंक मोठी होती आणि हमी एक वर्ष जास्त. घरी आल्यावर त्यानं वेगाची पट्टी सरकवून पाहिलीच, वय आहे त्याचं. चार टक्के मिळाले. मग त्यानं दुसरं काहीतरी केलं, ज्याची मला कल्पना नव्हती. वेग होता तिथे परत आणला आणि व्होल्टेज थोडं कमी केलं. चांगल्या चिपमध्ये शिल्लक असते, तेव्हा तेवढाच वेग कमी व्होल्टेजवरही निभतो. वीज कमी लागते, उष्णता कमी होते, पंखे हळू फिरतात.

"वेग नको झाला का रे तुला?" मी विचारलं.

त्यानं पलंगाकडे बोट दाखवलं. त्यांचं घर दोन खोल्यांचं. संगणक ज्या खोलीत, तिथेच त्याची नानी, म्हणजे माझी अम्मी, रात्री झोपते. "मामू, आता पंख्याचा आवाज येत नाही," तो म्हणाला. अम्मी गाढ झोपली होती.